उंबऱ्यावरचा शब्द

"तुमची छबी पहिल्याच दिवशी निघून गेली, मंजिरीताई," डॉ. रेहाना तांबोळी म्हणाल्या. बोलताना त्यांनी मंजिरीकडे बघितलं नाही, हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर उगाच फिरवत राहिल्या.

"निघून गेली म्हणजे? कुठे तडमडली?"

"बंद झाली. स्वतःच्या इच्छेनं, असं यंत्र म्हणतंय."

मंजिरी खैरनारला आधी हसूच फुटलं. उभा जन्म तिनं हवामान खात्यात काढला होता. पावसाचा अंदाज चुकला की सगळं जग तिच्या खात्याच्या नावानं बोटं मोडायचं, तेव्हा अंदाज बांधणारी संगणकातली प्रारूपं कशी तोंडावर पडतात हे तिला कोणी शिकवायला नको होतं. "अहो डॉक्टर, रटाळात रटाळ लग्नातूनसुद्धा मी शेवटची पंगत उठेपर्यंत हलत नाही. आणि सातपाणीसारख्या गावातून पहिल्याच दिवशी पळ काढीन? तुमच्या गणितातच खोट आहे."

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा शशांक बसला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस बोलण्यात इतका काटकसरी, की धरणातलं पाणीही इतक्या जपून कोणी सोडलं नसेल. त्यानं फक्त विचारलं, "माझी?"

डॉ. तांबोळींनी ग्लास फिरवायचा थांबवला. "तुमची आहे. अजून आहे. खरं म्हणजे त्यासाठीच बोलावलं तुम्हाला."

आता हे छबी प्रकरण काय, ते सांगायला हवं. दुरून डोंगर साजरे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण निवृत्तीचा दिवस उजाडला की भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो. सुट्टीत दोन दिवस बघितलेलं तळं आणि सकाळचं धुकं डोळ्यांत भरतं, शहरातलं घर विकून माणसं तिकडे जाऊन बसतात. मग पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गुडघे धरतात, बोलायला चिटपाखरू नसतं आणि परत यायला घर उरलेलं नसतं. यावर पुण्याच्या पूर्ववास केंद्रानं उपाय काढला होता. माणसाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या मनाची हुबेहूब नक्कल उतरवायची, हीच मनछबी. तिला त्या गावाच्या संगणकातल्या प्रारूपात राहायला पाठवायचं. आत काळ भरधाव पळतो. बाहेर आठवडा होतो तोवर आत वीस वर्षं सरतात. मग छबीला विचारायचं, बाई गं, कसं गेलं म्हातारपण? ती जे सांगेल त्यावर घर घ्यायचं की नाही ते ठरवायचं.

मंजिरी आणि शशांकनं सातपाणी निवडलं होतं. डोंगराच्या पोटाशी गाव, मध्ये तळं, तळ्याच्या काठानं उतरत्या कौलांची घरं. मागच्या आठवड्यात दोघं खुर्चीत बसून गेले होते, आणि आज निकाल ऐकायला आले होते.

"छबीला आपण छबी आहोत हे कळतं का हो?" मंजिरीनं विचारलं.

"आत असताना नाही. तिला वाटतं, आपण सामानसुमान हलवून राहायला आलोय. मुदत संपली की आम्ही घरातल्या भिंतीवरच्या पडद्यातून बोलतो, खरं काय ते सांगतो, हालहवाल विचारतो. मग छबी निरोप घेते आणि बंद होते."

"घेते? तुम्ही नाही बंद करत?"

"कायदाच नाही तसा. मनछबी हेसुद्धा मन आहे. तिला पुसणं म्हणजे खून, आणि मध्येच थांबवून ठेवणं म्हणजेही तेच. तिनं आपण होऊन निरोप घ्यायला हवा, तोही आम्ही न पढवता. आत म्हातारपण येतं, मरण येत नाही. ते गणितात घातलेलंच नाही."

"मग निरोप घेतला हे यंत्राला कळतं कसं?"

डॉ. तांबोळींनी दाराकडे बघितलं. दारात एक ठेंगणे गृहस्थ बराच वेळ उभे होते, आत यावं की न यावं अशा बेतात. हे प्रा. विश्राम गावित, केंद्राचे भाषातज्ज्ञ. यंत्राला मराठी शिकवली ती यांनी. ते आले, बसले आणि एकदम म्हणाले, "ताई, चूक माझी आहे."

"आधी सांगा तरी."

"यंत्र मुळात परदेशी. तिकडे सोपं होतं. 'मी जातो' असं छबी म्हणाली की ती बंद. आम्ही ते मराठीत आणायला बसलो आणि अडकलो. मला सांगा, आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' कोण म्हणतं?"

"कुणीच नाही. म्हटलंच तर आई पाठीत धपाटा घालायची. 'येते' म्हणावं."

"तेच ना! शेवटच्या घटका मोजणारा माणूससुद्धा आपल्याकडे 'येतो आता' म्हणतो. 'जातो' हा शब्द ठेवला असता तर एकही मराठी छबी कधी सुटली नसती, सगळ्या युगानुयुगं आत अडकून पडल्या असत्या. म्हणून मी शब्द बदलला. छबी स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभी आहे, आत कोणीतरी आहे, आणि त्याला उद्देशून ती 'येतो' किंवा 'येते' म्हणाली, की निरोप झाला. पाऊल बाहेर पडलं की छबी बंद. भारी खूश झालो होतो मी स्वतःवर. म्हटलं, यंत्राला आपली रीत शिकवली."

मंजिरीच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. ती हळू म्हणाली, "पण हे आपण रोजच म्हणतो. भाजीला निघालो तरी म्हणतो."

"चाचण्या घेतल्या, त्यात हे दिसलंच नाही. कारण चाचणीला आलेले सगळे एकटे होते. कोणी विधुर, कोणी विधवा, कोणी लग्न न केलेले. रिकाम्या घराला उंबऱ्यावरून 'येतो' कोण सांगणार? त्यांच्या तोंडून तो शब्द एकदाच यायचा, अगदी शेवटी, भिंतीवरच्या पडद्यात आम्ही असायचो तेव्हा. सगळं बिनचूक चाललं होतं." गावितांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरला. "जोडप्यानं पूर्ववासाला जायचं, हे तुमच्यापासून सुरू झालं."

मंजिरीला सगळं लख्ख दिसत होतं, जणू ती तिथे होती. म्हणजे होतीच की! नव्या घरात सामान लावून झालं असणार. तिला चैन कुठली पडायला? 'चल रे, तळं बघून येऊ' म्हणाली असेल. तो पेपरात डोकं घालून बसलेला. मग चपला सरकवून उंबऱ्यावरून म्हणाली असेल, 'येते रे.' आणि पुढे काहीच नाही. तळंसुद्धा नाही. मंजिरीला रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला, कुणाचा ते तिला कळेना.

"पुसून टाकलंत हो मला," ती म्हणाली. "चांगली जिवंत, हौसेनं निघालेली बाई."

"हो," डॉ. तांबोळी म्हणाल्या. त्यांनी सारवासारव केली नाही, तेवढं बरं केलं.

"आणि हा?"

"हे वाचले, कारण..."

"कारण हा सांगून निघतच नाही!" मंजिरी नवऱ्याकडे वळली. "संसार झाला आपला, शशांक, एकदा तरी म्हणालास दारातून? मी स्वयंपाकघरात हाका मारतेय आणि हा केव्हाच कोपऱ्यावर. माणसानं सांगून निघावं, सांगून निघावं, घसा कोरडा पडला माझा."

शशांकनं खाली बघितलं. हे भांडण जुनं होतं, पण आज त्यात नेहमीची गंमत नव्हती.

"नियम बदला की मग," मंजिरी गावितांना म्हणाली.

"नव्या घरांसाठी बदलला. पण ज्या घरात मन चालू आहे, त्या घराचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, कायद्यानं. सातपाणीच्या त्या घराला जुनाच नियम राहणार."

"मग त्याला सांगा, निरोप घे म्हणून."

"विचारलं. मुदत संपल्यावर सगळं खरं सांगितलं, तुम्ही छबी आहात, बाहेर मूळचे तुम्ही दोघं सुखरूप आहात. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. पण निघायला तयार नाहीत. शब्द आम्ही सांगू शकत नाही." डॉ. तांबोळींनी पडद्यावर हात ठेवला. "आता आतला काळ बाहेरच्याच चालीनं चाललाय. बोलता तुम्ही?"

पडदा उजळला. सातपाणीचं घर दिसलं. पलीकडच्या खिडकीत तळं इतकं सुंदर, की मंजिरीला त्याचा रागच आला. खिडकीपाशी एक म्हातारा बसला होता. अंगात शशांकचाच करड्या रंगाचा स्वेटर, कोपराला उसवलेला. मान शशांकची, बसणं शशांकचं, हात मात्र तिनं कधी न बघितलेले, हाडं वर आलेले. शेजारच्या खुर्चीतला तिचा नवरा नकळत पुढे झुकला.

"शशांक," मंजिरी म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान वळवली. पडद्याकडे बघून तो मनापासून हसला. "या. बसा म्हणणार होतो, पण तुम्ही भिंतीत."

"मी मंजिरी."

"दिसतंय ना. पण तू त्याची मंजिरी." त्यानं तिच्या शेजारच्या शशांककडे बोट केलं. "माझी बाहेर गेलीय."

"ती..." मंजिरीनं डॉ. तांबोळींकडे बघितलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. "ती नाही रे यायची."

"यांनीही तेच सांगितलं. असेल. मी म्हणत नाही खोटं आहे म्हणून. सगळं गाव शोधलं, पहिली दोन वर्षं तर तळ्याकाठीच होतो. पण तिनं निघताना सांगितलं होतं, येते म्हणून. मी पेपर वाचत होतो. मान वरसुद्धा केली नाही, हूं म्हटलं नाही. तिला वाटलं असेल, मी ऐकलंच नाही." म्हातारा थांबला. "ऐकलं होतं मी. एवढं सांगितलं तिला की मग निघेन म्हणतो."

पडदा मावळला. शशांक उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

"किती दिवस बसेल तो असा?" तिनं विचारलं.

"मरण नाही तिथे," डॉ. तांबोळी पुन्हा म्हणाल्या.

मंजिरीनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. डोळे पुसले. तिचा स्वभावच तो, ढग आले की छत्री शोधायची. "माझी नवी छबी उतरवा. आजची. हे सगळं माहीत असलेली. ती जाईल त्याच्याकडे."

गावित दचकले. "ताई, खुर्चीतून दोघी उठणार. एक इथे, एक तिथे. दोघीही म्हणणार, मी मंजिरी. जी तिथे उठेल तिला परतीची वाट नाही, तिला शेवटी निरोपच घ्यावा लागेल."

"कळतंय. प्रारूपांत हाडं झिजली माझी. त्याच्याजवळ जाऊन बसेन, काय झालं ते सांगेन. आतल्या आत सांगायला तर कायदा आडवा येत नाही ना?"

"नाही. पण पहिल्या दमात सांगा. घराला जुनाच नियम आहे, विसरू नका."

"पहिल्या दमात कसं सांगणार हो? इतक्या वर्षांनी भेटतेय, चहा तरी पोटात जाऊ दे त्याच्या. आणि त्याची चिंता तुम्ही करूच नका. अख्ख्या जन्मात दारातून एक अक्षर न काढणारा माणूस तो. माझ्याच जिभेला गाठ मारावी लागणार आहे."

खिडकीपासून शशांक वळला. "मंजिरी, मला वाटतं..."

"तू थांब रे. आता नको काही समजावूस." ती खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले.

आता इथे गोष्टीला दोन फाटे फुटतात. एक मंजिरी त्या खुर्चीतून उठली, नवऱ्याचा हात धरून घरी गेली. पुढे दोघांनी सातपाणीत खरोखरीचं घर घेतलं. गाव उत्तम निघालं. तिचं बरं चाललं आहे, तिला आपण सोडून देऊ. कारण दुसरी मंजिरी, तितकीच खरी, तीच भाबडी खात्री उराशी धरलेली, डोळे उघडून बघते तो समोर सातपाणीच्या घराचं दार होतं.

पायाखाली ओली फरशी होती. हवेत चुलीच्या धुराचा आणि ओल्या गवताचा वास होता. तळ्यावर धुकं रेंगाळलं होतं. तिनं आशा केली होती की आपण केंद्रातल्या खुर्चीतूनच उठू. माणूस असाच असतो, पाठवायची तयारी असते, जायची नसते. क्षणभर तिला स्वतःचीच कीव आली. मग तिनं दार वाजवलं.

दार त्यानं उघडलं. तो बघत राहिला.

"अरे आत तरी घे," मंजिरी म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

"तू भिंतीतली नाहीस," तो म्हणाला. त्यानं तिच्या मनगटाला हात लावून बघितला, गरम आहे का ते बघावं तसा. "आलीस गं. आलीस."

त्यानं तिला आत नेलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायावर चादर टाकली, काढली, पुन्हा टाकली. आणि तो बोलू लागला. मंजिरी तोंडात बोट घालून ऐकत राहिली. हा मुलखाचा घुम्या माणूस, सुटला तो सुटलाच! कोपऱ्यावरच्या गाईला वासरू झालं, कौलातून कसं गळतं, तळं आटलं होतं त्या साली काय झालं, कशालाच खळ नाही. भिंतींशी बोलून बोलून त्याला वाचा फुटली होती. "तू गेलीस तेव्हा मी ऐकलं होतं हां," तो मध्येच म्हणाला. "फक्त मान वर केली नाही. नंतर इतका विचार केला त्याचा."

"माहीत आहे रे मला. शशांक, मला तुला एक सांगायचंय. नीट बस बघू इथे."

"सांग की. सांगशील सगळं, आता वेळच वेळ आहे. आधी चहा." तो स्वयंपाकघरात गेला, भांडी वाजली. "अरेच्चा! दूधच नाही. मी बिनदुधाचा पितो, सवय लागलीय. तुला नाही चालत तो."

"चालतो, चालतो. राहू दे, बिनदुधाचाच दे."

"छे छे! इतक्या वर्षांनी आलीस आणि काळा चहा? तू बस. हा काय, कोपऱ्यावर तर आहे."

तिला बरं वाटलं. किती वर्षांत कुणी तिच्यासाठी असं धावलं नव्हतं. खिडकीत धुकं हळूहळू वर चाललं होतं आणि खाली पाणी दिसू लागलं होतं. ती ते बघत राहिली. सांगू आल्यावर, ती मनात म्हणाली, चहा पिता पिता सांगू. मागे त्याच्या चपलांचा आवाज झाला. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मंजिरी."

"अं?"

ती वळली. तो उंबऱ्यावर उभा होता, हातात किटली. शाळेत पाठ केलेली कविता म्हणायला उभं केलेल्या मुलासारखा लाजला होता बिचारा. इतक्या वर्षांत त्यानं मनाशी काय घोकलं होतं, ते तिला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"येतो हं," शशांक म्हणाला.

आणि काय सांगावं, मंजिरीला आधी आनंदच झाला. लग्न झाल्यापासून जे ऐकायला कान आसुसले होते ते तिनं ऐकलं, आणि सवयीनं तिच्या तोंडून गेलंही, "ये."

तोवर त्याचं पाऊल बाहेर पडलं होतं.

"शशांक!" ती चादरीत अडखळली, उठली, दाराकडे धावली. गल्ली सरळ होती, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण. कोपऱ्यावर गाय बांधलेली होती आणि तिच्याशेजारी वासरू. माणूस कोणी नव्हतं. किटलीसुद्धा नव्हती. ती कोपऱ्यापर्यंत गेली, तळ्यापर्यंत गेली, त्याचं नाव घेऊन ओरडली. मग परत आली, कारण जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

भिंतीवरचा पडदा उजळलेला होता. डॉ. तांबोळी, मागे गावित. गावितांचा चेहरा बघवत नव्हता.

"ताई," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "आम्हाला आत्ता दिसलं. त्यांनी निरोप घेतला."

"निरोप कसला? दूध आणायला गेला तो."

"ताई, तुम्हाला सगळं माहीत आहे."

"माहीत आहे," मंजिरी म्हणाली. खरंच होतं. पावसाचं एकही चिन्ह नाही हे सगळ्या आकड्यांवरून दिसत असताना माणसं आभाळाकडे बघत का बसतात, असं तिनं खात्यात कितीदा चिडून विचारलं होतं.

"तुम्ही आता इथे एकट्या आहात. निघायचं असेल तर... कसं ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही आहोत पडद्यात. केव्हाही."

मंजिरी उंबऱ्यापर्यंत गेली. चौकटीला धरून उभी राहिली. मागे भिंतीतली दोघं श्वास रोखून होती, हे तिला पाठीला कळत होतं. एक शब्द आणि एक पाऊल, की हे तळं, हे धुकं, ही रिकामी खुर्ची, काहीच उरणार नव्हतं. तिनं तोंड उघडलंही.

मग ती आत वळली. तिनं गॅसवर आधण ठेवलं, दोन कपांचं, आणि दार तसंच सताड उघडं टाकून खिडकीपाशी जाऊन बसली.